जहाजात बसायचा राहिलेला माणूस

अब्बा, तुमचा तो आकाशातल्या जहाजाचा खोका मी माळ्यावरून काढला. भाट्याच्या खाडीवर तुम्ही होड्या बांधायचात तेव्हा एका खलाशानं दिलेला, कुठल्यातरी लांबच्या बंदरावरून आणलेला. तेव्हाच जुना होता तो. आता वरच्या चित्राचा रंग उडालाय, आतले जोडून खेळणं करायचे प्लास्टिकचे तुकडे पिवळे पडलेत. तुम्ही म्हणायचात, हातातलं काम उरकू दे, मग दोघं बांधू. काम काय उरकलं नाय. मग तुम्ही गेलात, नि खोका भांड्यांबरोबर माझ्या सासरी आला.

काढला तो पोरीसाठी. चार वर्षांची झाली, तुम्ही बघितली नाय. तिच्या काळजाला भोक आहे. दोन पायऱ्या चढली की ओठ निळे होतात. डॉक्टर म्हणाले, धावू देऊ नका, नि मुंबईला नेऊन ऑपरेशन करून घ्या, उशीर नको. धावायचं नाय तर पोरगी दिवसभर करणार काय? तिचे अब्बा दुबईला. फोनवर म्हणतात, "तुला वाटतं ते कर." मला काय वाटतं ते मलाच कळत नाय. सासू म्हणते, "ईदला येऊ दे गो त्याला, मग बघू." मीपण तेच धरून बसले होते.

खोक्यातला कागद परदेशी भाषेतला. मी चौथी शिकलेली, तो काय वाचणार. चित्रं होती ती वाळवीनं खाल्लेली. म्हणून तुम्ही करायचात तसं केलं. दुपारी मी खाडीवर जेवण घेऊन यायचे, तेव्हा तुम्ही घास चावता चावता दाखवायचात. आधी फळीला फळी जोडून होडीचं बाहेरचं अंग उभं करायचं, मग आतल्या बरगड्या. माणसं सगळ्यात शेवटी, वरून चढतात.

तशीच मी जहाजाची दोन्ही अंगं चिकटवली. फट दिसली तिथं कापसाची वात भरली, वर राळ नि तेल चोळलं. पोरगी बाजूला बसून बघते. म्हणते, "आकाशात पाणी असतं?" म्हटलं, "मग पाऊस कुठून येतो?" होडीचा उरलेला निळा रंग दिला. जहाज फार निमुळतं वाटलं, कलंडेल असं, म्हणून झाडूच्या काड्यांची उलांडी बांधली बाजूला, आपल्या बारक्या होड्यांना असते तशी. सासू म्हणाली, "आता बांगडे घेऊनच येऊ दे ते." किती दिवसांनी हसलो आम्ही तिघी.

मग पोरीनं खोका उपडा केला नि त्यातून नखाएवढा माणूस पडला, खुर्चीत बसलेला. "ह्याला नेणार नाय?" ह्या जहाजाला वरून चढायला जागाच नाय, अब्बा. त्याला आधी बसवून मग अंगं जोडायची होती. म्हटलं, राहू दे, बाहेरच खेळव. ती तो माणूस मुठीत धरून बसली, जेवतानाही मूठ उघडेना.

सकाळी ब्लेड घेतलं. जोडावर ठेवलं नि हात थांबला. तुम्हाला पोटाच्या ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा मला बाहेर बाकावर बसवून कुणीतरी बिस्किट दिलेलं. हे खाऊन होईस्तोवर येतील म्हणाले. मी उंदरासारखं कुरतडत खाल्लं, तरी संपलं, पण तुम्ही बाहेर आलात नाय.

"काप ना अम्मी," पोरगी म्हणाली. "तो बसला की परत चिकटव."

कापलं. राळ धरून बसलेली, सुटता सुटेना. माणूस बसवला, परत जोडलं. रंग दिला तरी रेघ दिसते. तिनं रेघेवरून बोट फिरवलं.

"दुखलं असेल?"

"थोडं."

"मग बरं झालं?"

मी हो म्हटलं. तिला तेवढं पुरलं, जहाज घेऊन खिडकीत जाऊन बसली. मी तिथंच बसून राहिले, ब्लेड हातात.

दुपारी दुबईला फोन लावला. म्हटलं, ईदपर्यंत नाय थांबत, मी नेते तिला. ते म्हणाले, "एकटी?" म्हटलं, "तुमच्या अम्मा येतायत ना."

परवा निघतो आम्ही. सासूनं कपडे भरलेत. आता ती नमाजाला बसलीय नि पोरगी झोपलीय, म्हणून एवढं लिहायला मिळालं. हा कागद टाकणार तरी कुठं. सासूला मी सांगितलंय, मला भीती नाय वाटत, तुम्ही घाबरू नका. तिला खरं वाटलं ते, अब्बा. मी खोटं बोलले.