डावीकडची जागा

मंगरूळपीर, माघ वद्य पंचमी, शुक्रवार

संध्याकाळी पुन्हा तोच वाद. रविवारी कारंज्याशी फुटबॉलचा सामना, आणि मळ्यातल्या महादूला संघात घ्यायचं की नाही?

त्याच्यासारखा खेळ आमच्यात कोणाचाच नाही. पण गेल्या सामन्यात दोन्ही बाजू बरोबरीत असताना हा गडी सारखा सूर्याकडे बघत होता, आणि अचानक मैदान सोडून निघूनच गेला! का, तर सामाईक विहिरीवर त्याच्या पाण्याची पाळी आली होती. पाळी चुकली की चुलते थांबत नाहीत, वांगी वाळतात.

"असा अर्ध्यातून पयून जानारा गडी कायले पाह्यजे?" आमचे कप्तान वामनराव म्हणाले. मी मान हलवली. जरा जास्तच जोरात. महादू आला तर डावीकडची जागा जाणार ती माझीच. मग ही मान संघासाठी हलली की माझ्यासाठी?

नंतर सरावात महादूनं तिघांना चुकवून गोल केला आणि लगेच सूर्याकडे बघितलं. मी विचारलं, "रविवारी पाळी हाय काय तुही?"

"हाय ना भाऊ, दुपारीच. मोट हाकाले कोनी भेटलं त खेळतो. नाही त मले घेऊच नका."

सुटलो, असं वाटलं. खरंच वाटलं. पण मग रात्री अर्ध्या ताटावरून उठलो.

आत्ताच वामनरावांकडे जाऊन आलो. महादूला घ्या म्हणालो, मोट मी हाकतो. त्याचे बैल मला जुमानतील का, देव जाणे. विहिरीपर्यंत मैदानातला आवाजही पोचत नाही. सामना संपला असेल का, म्हणून रविवारी सारखा सूर्याकडे बघत राहीन तो मी.