बाबांच्या पायावरची रेघ

तीर्थरूप आत्या,

नमस्कार, दोन्ही पायांना. (हल्ली मला पाय एकेक करून मोजावेसे वाटतात. कारण पुढे येईल.) आमच्या शाळेत पत्र ‘डिअर’ने सुरू व्हायचं, ‘युवर्स’ने संपायचं आणि मधे फक्त हवामान असायचं, त्यामुळे मराठी पत्रात मान कुठे कुठे द्यायचा ते मला नीट माहीत नाही. कमी पडला तर वाढवून घे. तुझी शुगर कशी आहे? गुडघे? आणि ती टाच? बाबा म्हणतात टाच एकदम बरी झाली, तूच फोनवर सांगितलंस. छान झालं. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत.

शेवटचं वाक्य खोटं आहे. पण आधी मजेत आहोत असं लिहायचं असतं, एवढं मला माहीत आहे.

मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसलेय. आपला इस्त्रीवाला दुपारी तुमच्याकडे यायला निघतोय, तो हे पत्र थेट तुझ्या हातात देईल. फोनच केला असता, पण फोन लावला की बाबा समोरून ‘ठीक आहे म्हण, ठीक आहे म्हण’ अशा खुणा करतात, आणि तू ‘बरं बरं, ठेवते’ म्हणतेस आणि खरंच ठेवतेस.

सुरुवात एका टाचणीने झाली. शिंप्याच्या दुकानात टाचणी खाली पडणं म्हणजे काही बातमी नाही. ही मात्र बाबांच्या उजव्या स्लिपरमधून वर आली आणि तळव्यात शिरली, आणि बाबा तसाच पाय पायडलवर ठेवून दिवसभर मशीन चालवत बसले. मशीनखाली कुणाची तरी पांढरी पँट पडली होती. तिच्यावर डाग दिसले तेव्हा बाबा आईलाच बोलले की काहीतरी सांडवून ठेवतेस. (आई काजं-बटणं करते. काजं-बटणं करताना सांडण्यासारखं काय असतं, हे तिने त्यांना बराच वेळ विचारलं.) मग डागांचा माग काढत काढत आई स्लिपरपर्यंत पोचली. बाबांना विचारलं, दुखलं नाही? ते म्हणाले, नाही ना, म्हणजे काही झालेलंच नाही. आत्या, मी मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि इतकं भीतिदायक वाक्य मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. इतक्या वर्षांच्या शुगरने पायातल्या नसा गप्प होतात. घराला आग लागावी आणि घंटाच चोरीला गेलेली असावी, तसं.

डॉक्टरकडे जायच्या ऐवजी बाबांनी बटणांचा डबा उघडला. तुला तो डबा माहीत असेलच. खाली शर्टाची बटणं, वर कॅप्सुली. गेल्या कितीतरी आजारपणांतल्या उरलेल्या. कारण बाबा कुठलंही औषध पूर्ण घेत नाहीत. ताप उतरला की थांबतात आणि उरलेलं जपून ठेवतात, जसे ते कापडाचे तुकडे जपून ठेवतात, पुढेमागे लागेल म्हणून. दात सुजला तेव्हा लाल-पांढरी चालली होती, म्हणून पायाला आधी लाल-पांढरी. तिने गुण येईना, तर आईच्या खोकल्यातली पिवळी. मी उत्साहाने समजावलं (मी फार उत्साहाने समजावते, एक गिऱ्हाईक ट्रायल अर्धवट टाकून एका बाहीनिशी पळालंय) की बाबा, अर्धं औषध घेतलं की लेचेपेचे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. मग त्यांचीच पिलावळ वाढते आणि त्या औषधाला ती दाद देत नाही. बाबांनी हातातली कात्री खाली ठेवून नीट ऐकलं. म्हणाले, कळलं, म्हणजे गिऱ्हाईकांसारखंच, एकदा फसलेलं गिऱ्हाईक पुन्हा माप घेऊ देत नाही. मला इतका आनंद झाला. मग त्यांनी पिवळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायले.

शेवटी आईने रडून त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ड्रेसिंग केलं, नवीन गोळ्या दिल्या आणि मला सांगितलं की पायावर लाली जिथपर्यंत आहे तिथे पेनाने रेघ मार. लाली रेघेच्या बाहेर गेली तर एक क्षण थांबायचं नाही, मोठ्या हॉस्पिटलला जायचं. आत्या, मला कुणी तरी काम दिलं होतं! मी मार्कर आणला आणि घोट्याच्या खाली रेघ मारली. मला सरळ रेघ कधीच जमत नाही, त्यामुळे ती रेघ म्हणजे नकाशातली नदी दिसत होती. बाबांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, हे काय कटिंग आहे?

त्यानंतर मी रोज सकाळी धावत जाऊन पाय बघायचे, आणि रोज लाली रेघेच्या आतच असायची. मी कॉलेजात सांगत सुटले. आईने तर बाबांना गोड काहीतरी द्यायचा बेत केला, तो मी हाणून पाडला. सगळं इतकं बरं चाललं होतं की एका सकाळी मी नुसती कौतुकाने त्या रेघेकडे बघत बसले. काय सुंदर रेघ होती. शर्टाच्या मुंढ्याला, बाही जोडतात तिथे, असते तशी गोलाई, कुठे खाच नाही, कुठे थरथर नाही. आणि मग मी वाकून पुन्हा बघितलं, कारण तशी रेघ मला सात जन्मांत मारता येणार नाही. घोट्यावर बाबांचा एक तीळ आहे. मी रेघ मारली तेव्हा तो रेघेच्या वर होता. आता तो रेघेच्या खाली होता, लालीच्या मधोमध.

मी बाबांना विचारलं. त्यांनी लगेच कबूल केलं, अगदी शांतपणे, जसं काही मी कपड्याबद्दल विचारतेय. रोज मी उठायच्या आधी ते स्पिरिटने जुनी रेघ पुसायचे आणि लालीच्या वर नवीन मारायचे.

“तू रेघेकडे बघून किती खूश व्हायचीस,” ते म्हणाले. “आणि आमच्या धंद्यात असंच असतं. गिऱ्हाईकाचं पोट सुटलं तर आपण त्याला बोलून दाखवत नाही. गुपचूप शिवण उसवतो आणि आत दाबलेली जादा कापडाची माया सोडतो. त्याला वाटतं, आहे तसाच आहे.”

मी म्हटलं, “बाबा, ते पोट असतं. हा पाय आहे.”

मग त्यांनी खिशातून मार्कर काढला आणि माझ्या हातात दिला. आत्या, मला त्यांच्या पायाची भीती वाटत होतीच, पण त्या मार्करची जास्त वाटली. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी, हातात मार्कर घेऊन, त्यांना ठाऊक होतं.

इथे आणल्यावर जखमेतला नमुना तपासायला गेला. रिपोर्टमध्ये औषधांची लांबलचक रांग आहे आणि जवळजवळ प्रत्येकासमोर लिहिलंय की उपयोग नाही. लाल-पांढरीचा उपयोग नाही, पिवळीचा नाही, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांचाही नाही. एकच इंजेक्शन चालेलसं दिसतंय, ते सलाइनमधून सुरू केलंय. (कॉलेजात असे जंतू काचेच्या ताटलीत बघितले तेव्हा मी ‘किती भारी’ म्हणाले होते. तो शब्द मी परत घेतलाय.) सर्जन म्हणतात नुसतं इंजेक्शन पुरणार नाही. दोन बोटं आणि सडलेला भाग उद्या सकाळी काढला तर पाय वाचायची आशा आहे. थांबलो तर गुडघ्याखाली कापावं लागेल, आणि त्याच्याही पुढचं त्यांनी सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. बाबांनी त्यांना विचारलं, टाका कुठला घालता? सर्जननी दाखवला. बाबा म्हणाले, बरा आहे, पण जवळ जवळ घाला.

आता सलाइन लावून पडलेत आणि चादरीखाली उजवा पाय हलवताहेत, वर-खाली, पायडलवर असल्यासारखा. त्यांना कळत नाहीये की तो हलतोय.

बाकी सगळं क्षेम. आईचा नमस्कार. स्वतःला जप.

तुझी,
भिंगरी

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. बाबा ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाहीत. म्हणतात, ताईने सांगितल्याशिवाय माझ्या अंगाला कात्री लावायची नाही. मात्र ताईला कळवायचंही नाही, ती घाबरेल. तर आत्या, इस्त्रीवाल्याच्याच फोनवरून त्यांना फोन कर आणि लहानपणी ओरडायचीस तशी ओरड. ‘बरं बरं, ठेवते’ म्हणू नकोस.

ता. ता. क. आत्ताच बाबांकडून कळलं की तुझ्या टाचेला जखम झाली तेव्हा त्यांनी तुला डब्यातल्या पिवळ्या कॅप्सुली पाठवल्या होत्या. मी विचारलं, आत्याची टाच खरंच बरी झाली का? ते म्हणाले, ती तसं म्हणते. मी म्हटलं, दुखत नाही म्हणते का? ते म्हणाले, हो, अजिबात दुखत नाही म्हणते. मग मी चादरीखालच्या त्यांच्या पायाकडे बघितलं, आणि त्यांनीही. आत्या, फोन झाला की चप्पल काढ, उजेडात बस आणि इस्त्रीवाल्याला तुझी टाच बघायला सांग. तू स्वतः बघू नकोस. रेघ मारू नकोस. त्याला काहीही दिसलं तर तशीच त्याच्याबरोबर इकडे निघून ये. बाबांच्या शेजारची कॉट रिकामी आहे, मी तिच्यावर माझी पिशवी ठेवलीय.