जिभेवरची माती

तीर्थरूप आबांस, नागपुरातून शिवांजलीचा नमस्कार.

प्रशिक्षण झकास चाललंय. माती, पाणी, जंगल यांतल्या नोकऱ्या मुलांना कशा सांगायच्या, ते आम्हा शिक्षकांना शिकवतात. जेवणही बरं आहे, फक्त भाकरी नसते.

काल मातीचे नमुने वाटले. मी तुमच्यासारखी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "ही चोपण, ऊस यायचा नाही हिच्यात." सगळे हसले. माती तपासणी खात्याच्या साहेबांनी यंत्र लावलं, तर माती खारटच निघाली. म्हणाले, "मॅडम, ही पारख असणारी माणसं आम्हाला नोकरीला हवी असतात."

तुम्ही म्हणायचात, "मास्तरीण झालीस, आता मातीत हात घालू नगं." मी वर्गात आता मुलांना मातीत हात घालायलाच शिकवणार आहे.

गोळ्या वेळेवर घेता ना? आईला विचारीनच. आणि आबा, इस्लामपूरच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, तेव्हा रानात गेलात तरी माती चाखू नका.

तुमची मास्तरीण लेक,
शिवांजली