छऱ्याच्या बंदुकीला शिलाईचं तेल

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (आधीच आडवा होऊन ठेवतो, म्हणजे पुढचं वाचल्यावर तुम्हाला पाडायचे कष्ट नकोत.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? इकडे आई मजेत, मी मजेत, आणि ताई जेवत नाहीये. म्हणून हे पत्र. फोनच केला असता, पण आमच्या घराच्या भिंती किती पातळ आहेत ते तुम्हाला माहीत आहे, आणि ताई पलीकडच्याच खोलीत बसलीये. पत्र दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय.

तर सहज विचारायचं होतं, की छऱ्याच्या बंदुकीला कुठलं तेल चालतं? म्हणजे कुठलं चालत नाही, ते मला आता बऱ्यापैकी कळलंय.

झालं असं. तुम्ही ताईला दिलेली बंदूक भरताना कुरकुरायला लागली होती. नेमबाजीची निवड चाचणी तोंडावर, आणि ती रोज क्लबातून येऊन त्या कुरकुरीवर वैतागायची. तुम्ही दिलेली तेलाची छोटी बाटली संपलेली. मला वाटलं, बहिणीसाठी एवढं तरी करावं. घरात तीन उमेदवार होते. शटरचं पिवळं ग्रीस, जे एकदा बोटाला लागलं की आपल्यासोबतच नांदतं. सायकलच्या चेनचं काळं तेल, जे चेनवर कमी आणि पँटवर जास्त असतं. आणि आईच्या शिलाई मशीनचं, पातळ, स्वच्छ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिघांना उजेडात धरून बघितलं आणि शिलाईचं पसंत केलं. बंदुकीची नळी वाकवली की आत एक बारीक भोक दिसतं, स्प्रिंगने दाबलेली हवा येते ते. भोक दिसलं की तेल घालायचं, एवढं यंत्रशास्त्र मला येतं. तुम्ही एक थेंब म्हणाला होतात, पण एका थेंबाने कोणाचं भागलंय? (आईचं मशीन एका बैठकीत किती पितं ते बघा.) मी टोपणभर ओतलं.

गच्चीवर नेऊन एक छरा झाडून बघितला. एरवी टप्प करणारी बंदूक धाडकन वाजली. नळीतून धूर आला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकू ओल्या चादरीसकट खाली बसल्या. आणि मामा, खरं सांगतो, मला अभिमान वाटला. म्हटलं, ताकद वाढली. आणखी काही बार काढले, आवाज उतरला, बंदूक पुसून जागेवर ठेवली आणि कोणाला बोललो नाही. चांगलं काम कशाला मिरवायचं?

दुसऱ्या दिवसापासून ताईचे नेम सुटायला लागले. एक छरा वर, एक खाली, एक कागदाच्याच बाहेर. कोच म्हणाले, झोप घे. झोपली. कोच म्हणाले, डोळे तपास. डोळे उत्तम निघाले. नेमबाजी करताना तळणाचा वास येतो असं एकदा म्हणाली, पण क्लबाला लागूनच कँटीन आहे, तिकडे कोण लक्ष देतं! मग एकेक कारण काढून टाकत ती शेवटी स्वतःच्या हातापाशी येऊन थांबली. जेवताना पाण्याचा पेला उचलून नुसती बघत बसायची, थरथरतोय का. आई म्हणायची, अगं, पी आता. मी ताटातच बघायचो. (तेव्हा मला माहीत नव्हतं, शप्पथ.)

कळलं काल, वर्गात. सर डिझेल इंजिन शिकवत होते. ठिणगी लागत नाही, म्हणाले, हवा जोरात दाबली की इतकी तापते की तेल आपोआप पेटतं, आणि दर वेळी तेल कमीजास्त झालं तर धक्काही कमीजास्त. मी आकृती काढत होतो. सिलिंडर काढलं, पिस्टन काढला, आणि पुढे पेन्सिलीने आपणहून एक लांब नळी काढली, ती मला थांबवताच येईना. सर म्हणाले, हे काय आहे? मी म्हटलं, आमची ताई.

चाचणी परवा आहे. आणि ताई आज संध्याकाळी कोचना फोन करून नाव मागे घेणार आहे. सकाळी आईला सांगत होती, की हात गेला तो गेला, आपल्यामुळे दुसऱ्या मुलीची जागा कशाला अडवायची. आवाज अगदी शांत. ती ओरडते तेव्हा मला इतकी भीती वाटत नाही. बंदूक खोलून पुसावी, तर आतली स्प्रिंग दाबून बसवलेली, सुटली तर माझं नाक घेऊन जाईल, आणि ती धरायचा क्लॅम्प तुमच्याकडे. तर तेल काढायचं कसं, तेवढं कळवा.

तुमचा लाडका (अजून असलो तर),
भाचा

ता. क. तेल काढणं मला जमणार नाही, हे मलाही कळतं. खरं काम वेगळंच आहे. पत्र मिळाल्याबरोबर ताईला फोन करा आणि सांगा, बंदुकीची स्प्रिंग म्हातारी झालीये, मीच जुनी दिली, म्हणून नेम चुकतात. तुमच्यावर ती चिडायची नाही. माझं नाव मध्ये येऊ देऊ नका.

आणखी एक ता. क. वरचं सोडून द्या. ड्रायव्हर म्हणाला, रस्त्याचं काम चालू आहे, बस आज रात्री पोचेल. म्हणजे तुमच्या फोनच्या आधी तिचा फोन झालेला असणार. तसाच परत आलो, तिच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं, टोपणासकट. तिने आधी स्वतःचा हात उजेडात धरून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे माझा हात बरा आहे?" मी हो म्हटलं. आता ती बंदूक घेऊन त्याच बसने तुमच्याकडे निघालीये. क्लॅम्प काढून ठेवा, आणि योग्य ते तेलही. पत्र तिच्याच हाती देतोय, ती चपला घालेपर्यंत हे खरडलंय. मघाशी, पिशवी खांद्याला लावायच्या आधी, तिने माझ्या कानाखाली एक वाजवली. हात अगदी बरा आहे, मामा. नेमही.