गाळलेली दोन पानं

मंगळवार, दिवेलागणीनंतर

आज फार थकले. सकाळी यांना अंघोळ घालताना पाठीत उसण भरली, ती अजून सुटलेली नाही. यांच्या आजारपणापासून रोज संध्याकाळच्या चहानंतर मी यांना कादंबरी वाचून दाखवते. दिवसभरात तेवढंच मला माझं वाटतं. पण हे डोळे मिटून पडलेले. ऐकतात की नाही, कोण जाणे. आठवडाभर तर साधं हूंसुद्धा नाही. भिंतीला वाचून दाखवतेय की काय मी? ठरवलं होतं, आज हे प्रकरण संपलं की बंद करायचं.

म्हणून दोन पानं सरळ गाळली. नावाड्याचं कुत्रं पुरात हरवतं, तिथून थेट त्याच्या मुलीच्या लग्नात. यांचे डोळे मिटलेलेच होते. मग ओठ जडपणे हलले.

"आणि कुत्रं गं? त्ये घावलं का न्हाय?"

"अहो, पानं चिकटली होती," मी म्हणाले.

"थापा मारतीस की!" डोळे न उघडताच म्हणाले. कागलच्या घरचा तो ठसका किती दिवसांनी ऐकला!

कॉन्व्हेंटमध्ये एक ओळ गाळली तरी सिस्टर अख्खं पान पहिल्यापासून वाचायला लावायच्या. तेव्हा रडू यायचं. आजही आलंच थोडं. चष्मा पुसला, मागे गेले आणि पुरापासून पुन्हा सुरुवात केली.

कुत्रं सापडलं, तेव्हा कुठं यांना झोप लागली. लग्न उद्यावर ठेवलंय.