ताईचा अधिकृत मदतनीस

४ मार्च, मंगळवार
आज मोठी जबाबदारी अंगावर घेतली. ताईला मतदान केंद्रावर न्यायचं म्हणजे दोन जिने, व्हीलचेअर आणि शेजाऱ्यांच्या नाकदुऱ्या. आता नवीन कायद्याप्रमाणे तिला घरबसल्या टपालाने मत देता येतं. शिवाय उजवा हात चालत नाही म्हणून मदतनीसही घेता येतो. मदतनीस कोण, हा प्रश्नच नाही. गेल्या वर्षी पॅरालिसिसच्या झटक्यात तिची जीभ जड झाली, तेव्हापासून तिच्या वतीने बोलतो कोण? ती एक शब्द काढते, उरलेलं वाक्य मी पुरं करतो. तिला कष्ट नकोत. सकाळी तिने नुसतं ‘साखर’ म्हणायचा अवकाश, माझे दोन चमचे कपात पडलेले असतात. लोक म्हणतात, भाऊ असावा तर असा. (एकजण म्हणाला होता.)
संकल्प: रोज अर्धा तास निवडणुकीचे नियम वाचणे.

६ मार्च, गुरुवार
नियम वाचायला जमलं नाही. ऑफिसात ऑडिट. निवडणुकीच्या माहितीपत्रकाचा टाइपही फार बारीक. सार कळलं: मदत करायची. ती मी करतोच.
संध्याकाळी माझा पत्त्यातला भिडू प्रचाराला आला. हो, भिडू आमच्या वॉर्डातून उभा आहे! निवडून आला तर मला पाणी कमिटीवर घेणार म्हणालाय. हसत म्हणाला, पण म्हणाला. गॅलरीत बसून त्याबद्दल बोलावं म्हटलं, तर हा पठ्ठ्या ताईच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसला. ती एकेक शब्द काढतेय, हा थांबतोय. मी दोनदा तिचं वाक्य पुरं करून दिलं, तर मलाच म्हणाला की जरा थांब रे. चहा पार निवला. अशाने हा निवडणूक कसली जिंकतोय!

९ मार्च, रविवार
मतपत्रिका आली. लगेच टेबल पुसून, पेन घेऊन बसलो. ताईला विचारलं, बोल, कुणाला? ती ‘मला’ म्हणाली आणि अडकली. तेवढ्यात दूधवाल्याची बेल. मी कळलं कळलं म्हटलं आणि भिडूच्या नावापुढे खूण केली. पाकीट बंद. मदतनीस म्हणून सही ठोकली. एकदम एफिशियंट. ताई माझ्याकडे बघत राहिली. कृतज्ञता असावी.
उद्याचं पहिलं काम: पाकीट पोस्टात टाकणे.

१० मार्च
पोस्टात गर्दी असेल म्हणून गेलो नाही. ताई आज माझ्याशी बोलली नाही. पण ती तशीही कमीच बोलते.

११ मार्च
पाकीट स्कूटरच्या डिकीत आहे. म्हणजे वाटेला लागलंय. उद्या नक्की. ताईने चहाचा कप डाव्या हाताने बाजूला सारला. हवेचा परिणाम.

१२ मार्च, बुधवार
बायकोने माहितीपत्रक वाचलं. जेवताना. मोठ्याने. ताईसमोर! हिला चष्मा करून दिला, ही माझीच चूक. मदतनीसाने म्हणे मतदाराला पूर्ण सांगू द्यायचं, सांगेल तिथेच खूण करायची आणि स्वतःचं डोकं चालवायचं नाही. तसं न करता सही केली तर गुन्हा. मी म्हटलं की ताईचं मन मला तोंडपाठ आहे. हिने विचारलं की ताईंनी नाव घेतलं होतं का. मी म्हटलं, घेणारच होती. ताईने उचललेला घास ताटात परत ठेवला.
मला लाज वाटली. आत्ताच लिहून ठेवतो, कारण उद्यापर्यंत कारणं सुचतील.

१३ मार्च
कारणं सुचली. दूधवाला, ऑडिट, बारीक टाइप. एकही टिकेना.
आणि नको ते आठवलं. लहानपणी मी तोतरा होतो. ताई मला दुकानात पुढे करायची आणि मागे उभी राहायची. दुकानदाराने घाई केली की त्याला दटावायची, तो सांगतोय ना, ऐका की. माझं वाक्य तिने एकदाही पुरं केलं नाही. हे आजच आठवायला हवं होतं का?
दुपारी ताईने हिच्याकडून निवडणूक कार्यालयात फोन करवला. ते म्हणाले की पाकीट जमा झालं नसेल तर ती मतपत्रिका रद्द होते, नवी घेऊन आम्ही घरी येतो. मदतनीस मतदाराने निवडायचा, घरच्यांनी नाही. पाकीट कुठे आहे, असं हिने मला विचारलं. मी मान खाली घालून डिकीची किल्ली दिली. माझ्या आळसाने पहिल्यांदाच कुणाचं तरी भलं झालं.

१५ मार्च, शनिवार
कार्यालयातल्या बाई आल्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. बाईंनी ताईला विचारलं की मदतीला कोण हवंय. ताईने तोंड उघडलं, मीही उघडलं. बाईंनी हात वर केला. म्हणाल्या की त्यांना बोलू द्या, मला घाई नाही. सगळे थांबलो. ताईने हिचं नाव घेतलं. पूर्ण. मग माझ्याकडे बघून म्हणाली की तू बाहेर जा.
माझ्याच घरात मी हद्दपार. स्वयंपाकघरात उभा राहिलो. दाराला कान लावला नाही. (लावला. काही कळलं नाही. मग त्याचीही लाज वाटली.)
संकल्प: कुणाला मत दिलं हे ताईला कधीही विचारणार नाही.

१६ मार्च
विचारलं. ती हसली फक्त.

२३ मार्च, रविवार
निकाल. भिडू पडला. माझी कमिटीही गेली.
संध्याकाळी ताईने हाक मारली आणि वाक्य सुरू केलं. मी दातांखाली जीभ धरून बसलो. खाली भाजीवाला आला, ओरडला, गेला. तिचं चालूच. शेवटी कळलं की तिने मत भिडूलाच दिलं होतं.
मी ताडकन उठलो! म्हणजे माझी खूण बरोबरच होती की! उगाच सगळ्यांनी मला चोर ठरवलं! हिला हाक मारणार, तेवढ्यात ताईने डावा हात वर केला. त्या बाईंसारखा. वाक्य संपलं नव्हतं.
बसलो. उरलेलं वाक्य असं होतं की तो तिचं बोलणं संपेपर्यंत थांबला, म्हणून त्याला दिलं. आणि ते मत तिने दिलं. मी नाही.
मला काही बोलता येईना. लहानपणीसारखं. उठून चहा टाकला. साखरेचा डबा उघडला, चमचा भरला आणि तसाच हातात धरून बाहेर आलो. ताईला विचारलं, साखर? आणि थांबलो.
बराच वेळ लागला. ती म्हणाली की साखर नको. वर्षभर तेच सांगतेय.