रामजीच्या भाजीत घालायची पुडी

प्रिय नीला,

न्हाई. पुडी मिळनार न्हाई, अन् तिसऱ्यांदा इचारलंस तरी न्हाईच. फोनवर संपली म्हनले ते खोटं. डब्यात अजून अर्धी पडून हाय. पन फोन मला माझी सून शितल लावून देते, तो बी स्पीकरवर, अन् हे तिच्यासमोर बोलायचं न्हाई. म्हनून चौथीतल्याच कोंबडीच्या पायाच्या अक्षरात लिहून राहिले. हसायचं तर हस. तुझ्या नवऱ्याला, रामजीला वाचून दाखवू नको म्हंजी झालं.

तुला वाटत असंल, बेबीला माझं सुख बघवत न्हाई. तुझी ती दिवाळीची निळी साडी मला अजून बघवत न्हाई, हे खरं हाय, पन ही गोष्ट तसली न्हाई. आमचे वसराम पुडीनं सुधारले हे मीच तुझ्या गावाला, हट्ट्याला येऊन मिरवत सांगितलं होतं. औंढ्याच्या जत्रेत रस्त्याकडंला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं दिली होती. नारंगी, जड, बोटाला चिकटनारी. रोज चिमूटभर भाजीत घालायची, मानसाला कळू द्यायचं न्हाई. महिन्यातच दारूच्या वासानं ते ओकायला लागले. सहा महिने घरात शिवी न्हाई, भांडं आपटनं न्हाई. तांड्यातल्या बाया इचारायच्या काय केलंस, अन् मी म्हनायची, माझ्या रूपाचा गुन हाय.

मग मोरीत मुंग्या झाल्या. ते लघवीला बसायचे तिथंच. मी म्हनले, झाली साखरेची बिमारी, अन् त्यांचा गूळ बंद केला. चहा बी फिक्का. ते कुरकुरले की मी चिडवायची, दारू सुटली, गोड सुटलं, आता तुमच्याजवळ मी तेवढी उरले. हिंगोलीला तपासलं तर लघवीत साखर भरपूर अन् रगतात साखर बराबर. मग हाडं दुखायला लागली. असे जपून जपून पाय टाकायचे की मी म्हनायची, बघा, नवरदेव मिरवून राहिला.

पुढं नांदेडच्या दवाखान्यात नेलं. तिथं पोरसवदा डॉक्टरीनबाईनं मला कागदावर चितर काढून दाखवलं. किडनी रगत गाळते एवढं मला ठाऊक होतं. पन गाळताना कामाचं बी खाली पडतं. साखर, मीठ, हाडाला लागनारं, सगळं. गाळनीला लागून एक वाकडीतिकडी नळी असते, केसाहून बारीक, अशा लाखो. आतून मखमलीवानी. गाळून पडलेल्या पान्याचे तीन वाटे केले तर दोन वाटे तीच माघारी घेते, अन् साखर तर जवळपास सगळीच उचलून परत रगतात टाकते. मी म्हनले, म्हंजी भुईमूग काढून झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा आपन मागून येचतो, तो सरवा. ती म्हनली, अगदी तसंच मावशी.

पन येचनारीच्या हाताला सगळंच लागतं. शिसं, पारा असलं इख बी हीच नळी आत ओढून घेते, काही इंजेक्शनं बी तिलाच बाधतात. मग तिचे हात गळतात. येचनं बंद. साखर लघवीत जाते, हाडाचं बी लघवीतच जातं. म्हंजी त्यांना साखरेची बिमारी नव्हतीच. शेवटच्या वर्साला त्या मानसाचा गूळ मी फुकट तोडला.

ते गेले तवा सारा तांडा म्हनला, दारूनं खाल्लं. माझा रणजीत अजून बापाला शिव्या देतो, अन् मी भाकरी थापत ऐकून घेते. एकदा बी म्हनले न्हाई की बाबा, दारू तर त्यानं सोडली होती.

रामजीची सोडवायची असंल तर दवाखान्यात ने, अन् त्याला सांगून ने. शिव्या देईल, ऐक. तुला सवय हाय.

तू म्हनशील, बेबे, पुडीत काय हाय हे तुला तरी कुठं ठाऊक होतं. पयले सहा महिने नव्हतं. पन त्या डॉक्टरीननं मला सरळ इचारलं होतं, कोनतं भस्म, कोनती पुडी देता का? देत असाल तर आजच बंद करा, ही नळी पुन्हा भरून येते, अजून टाइम गेलेला न्हाई. दोन डाव इचारलं. वसराम शेजारच्या खाटेवर ऐकून राहिले होते. मी दोन्ही डाव न्हाई म्हनले. घरी आलो अन् तिसऱ्याच दिवशी त्यांनी बाटलीचं नाव काढलं. मी डबा उघडला. अजून दोन महिने घातली, नीला. ठाऊक असून घातली. मला दारुडा परत नको होता.

हे वाचून बी मला आपली मानलंस तर, तुझीच
बेबी